आनंदी उर्फ सीता

मसुऱ्याची सीता हडकर माझ्या पडवीत पहिल्यांदा आली ती चपला हातात घेऊन. एका चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता आणि फरफटत दुसऱ्याच्या दारात जायचं तिला पसंत नव्हतं. मागे तिची मुलगी तेजस्वी, फाईल छातीशी धरून, आईच्या अनवाणी पायांकडे बघत लाजलेली. सीताने चपला पायरीशी जोडीने मांडल्या, पदराने कपाळ पुसलं आणि मला सांगितलं की मुलीला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला धाडायची आहे, तेव्हा कागद बघा, चुकलं असेल तर तोंडावर सांगा, मी रडणाऱ्यातली नाही.

अशी माणसं मला आवडतात. व्हिसाचे कागद घेऊन येणारे आईबाप बहुधा दोन तऱ्हेचे असतात. काहींना मी देवाच्या जागी दिसते. काहींना पुतण्याने मोबाईलवर सगळं आधीच सांगितलेलं असतं आणि ते माझी परीक्षा घ्यायला येतात. सीता दोन्हींतली नव्हती. तिने स्वतःच खुर्ची ओढली, बसली आणि चहात साखर घालू नका म्हणून मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

मी फ्लाव्हिया. मालवणच्या शाळेत तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून निवृत्त होऊनही सगळ्यांची टीचरच राहिले. व्हिसाच्या कागदांचा नाद मला लागला तो माझ्या भावामुळे. सिप्रियन बोटीवर नोकरीला होता. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बोटीच्या कागदांवर तिसरं. त्या एका अक्षरापायी त्याची बोट चुकली आणि पठ्ठ्या आठ महिने घरी बसून आमचं डोकं खात राहिला. त्याची तिन्ही स्पेलिंगं एका रांगेत आणता आणता मी शिकले. आधी नातेवाइकांची मुलं आली, मग शेजाऱ्यांची, आता पार वेंगुर्ल्यापासून येतात. मी कुणाकडून पैसे घेत नाही. त्यामुळे वाट्टेल ते बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते आणि तो पुरेपूर वापरते.

तेजस्वीची फाईल बघून मात्र बोलायला जागा मिळेना. अन्नप्रक्रियेतली पदवी चांगल्या मार्कांनी झालेली. इंग्लंडच्या विद्यापीठात एका वर्षाचा एमएस्सीचा कोर्स, विषय अन्नसुरक्षा. तिच्या आईचा मसुऱ्यात काजूगर काढायचा छोटा कारखाना आहे. तो काजू परदेशात विकायचा तर कुठल्या तपासण्या लागतात, पॅकिंग कसं हवं, हे शिकून परत यायचं, असं तिने स्वतःच्या भाषेत लिहिलेलं. विद्यापीठाचा प्रवेशक्रमांक आलेला, मुंबईला जाऊन क्षयाची तपासणी करून घेतलेली, पासपोर्ट नवा कोरा. खर्चाची तयारी आईच्या खात्यात, आणि माझे पैसे मुलीच्या शिक्षणाला वापरायला माझी संमती आहे असं आईचं पत्र, खाली सही सीता मंगेश हडकर. मी मनातल्या मनात पाठ थोपटायला हात उचलला आणि शेवटचा कागद उलटला. तो तेजस्वीचा जन्मदाखला होता. आईचं नाव: आनंदी मंगेश हडकर.

“ही आनंदी कोण?” मी विचारलं.

तेजस्वी म्हणाली, “आई.” त्याच क्षणी सीता म्हणाली, “मी.”

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत मी असा चष्मा ठेवला की वर्ग गप्प व्हायचा. या दोघीही झाल्या. मग मी त्यांना समजावून सांगितलं. मुलीचा खर्च आईच्या खात्यातून दाखवायचा, तर ही बाई हिची आईच आहे हे जन्मदाखल्यावरून दिसावं लागतं. तिथला अधिकारी काही मसुऱ्याला जेवायला येणार नाही. त्याच्यापुढे दोन कागद असणार, एकावर आनंदी आणि एकावर सीता. त्याच्या लेखी आनंदी नावाच्या बाईची मुलगी कुणा परक्या सीताच्या पैशांवर शिकायला निघाली आहे. तो विचारेल किंवा विचारणारही नाही, सरळ नकार देईल. आणि एकदा नकार पडला की पुढे कुठल्याही देशाच्या अर्जात तो लिहावा लागतो.

वेळही थोडा होता. पैसे अठ्ठावीस दिवस खात्यात पडून राहिलेत असं सांगणारं बँकेचं पत्र अर्जाच्या दिवशी एकतीस दिवसांहून जुनं चालत नाही. ते पत्र आणून चार दिवस झाले होते. कोर्स सप्टेंबरात सुरू होणार होता. म्हणजे सत्तावीस दिवसांत आनंदी आणि सीता एकच आहेत हे कागदावर आणलं तर ठीक, नाहीतर तेजस्वीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी विद्यापीठ पुन्हा जागा देईलच असं नव्हतं.

तेजस्वीचा चेहरा उतरला. सीताने चहा संपवला, कप बशीत उपडा ठेवला आणि म्हणाली की मग सुरुवात कुठून करायची ते सांगा.

सुरुवात तिच्या लग्नापासून करावी लागली. सीता म्हणजे मूळची आनंदी बाबली घाडी. माहेर नांदगाव स्टेशनाच्या पलीकडच्या एका वाडीतलं. आई लहानपणी गेली. बाप गावचा पोस्टमन. सुट्टीत ती बापाबरोबर टपाल वाटायला जायची, आणि लोकांची पत्रं वाचून दाखवायचं काम बापाने तिच्यावर सोपवलेलं. दहा वर्षांची पोर लोकांच्या घरातली भांडणं, लग्नं, मुंबईची आजारपणं खणखणीत आवाजात वाचायची. तिचा आवाज अजून तसाच आहे. माझ्या पडवीत ती हळू बोलली तरी शेजारच्यांचा कुत्रा उठून बसायचा.

विसाव्या वर्षी तिला मसुऱ्याच्या मंगेश हडकराला दिली. मंगेश टेम्पो चालवतो, सज्जन माणूस, बोलणं बेताचं. त्या घरात थोरल्या सुनेचं नाव आधीपासून आनंदीच होतं. एका घरात दोन आनंदी कशाला, म्हणून सासूने धाकटीचं नाव सीता ठरवलं. ठरवताना धाकटीला कोणी विचारलं नाही, विचारायची पद्धतही नव्हती. लग्नात ताटभर तांदूळ समोर आले आणि मंगेशने अंगठीने त्यात नाव कोरलं. कोरलं ते ‘सिता’, सि पहिला. नवरीने मान खाली ठेवूनच नवऱ्याला कानात सांगितलं, “दीर्घ.” तिचं नवऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य तेवढंच. मंगेशने तांदूळ सारखे केले आणि पुन्हा लिहिलं.

हे सांगताना ती इतकी हसली की मीही हसले. आमच्या ख्रिस्ती लोकांत बाईचं पहिलं नाव लग्नात बदलत नाही, म्हणून मी जरा शेफारून बोलले. तिने लगेच विचारलं की मग तुमच्या एका घरात चार-चार फ्रान्सिस असतात ते कसे ओळखता. मी विषय बदलला.

गंमत अशी की मंगेशने पंचवीस वर्षांत तिला सीता म्हणून एकदाही हाक मारली नाही. तो ‘गो’ एवढंच म्हणतो. सीता होती ती गावासाठी आणि कागदांसाठी. रेशनकार्ड, मतदारयादी, मग आधार, मग बँक, सगळीकडे सीता. वेंगुर्ल्याला एका नातेवाइकाच्या कारखान्यात दोन वर्षं राहून ती काजू फोडायला, सोलायला, प्रतवारी करायला शिकली, परत येऊन गोठ्याच्या जागी शेड घातली आणि वाडीतल्या सात बायकांना कामाला घेतलं. टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची कातडी इतक्यांदा गेली आणि आली की आधारच्या मशीनवर तिचे ठसे उमटत नाहीत. नाव सांगावं तर दोन, बोटं दाखवावी तर कोरी. बिचाऱ्या सरकारला तिच्याशी कसं वागावं हेच कळत नसेल.

तेजस्वी पहिली मुलगी, म्हणून बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. आई नव्हतीच, शेजारच्या राधाबाईने सगळं केलं. पाचव्या दिवशी बाबली पोस्टमन टपाल वाटता वाटता ग्रामपंचायतीत शिरला आणि नातीच्या जन्माची नोंद करून आला. बापाचं नाव विचारलं, त्याने मंगेश सांगितलं. आईचं नाव विचारलं, त्याने आनंदी सांगितलं. त्याच्या लेकीचं नाव तेच होतं. दाखला शाळेत चालला, कॉलेजात चालला, कारण तिथे आईचं नाव कोण ताडून बघतो.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी एकटीच आली. तिचा प्रवेश एका मोठ्या शहरातल्या एजंटाने करून दिला होता. त्याला तिने फोन केला होता आणि त्याने हसत सांगितलं होतं की यात काय एवढं, दोन दिवसांत सीता नावाचा नवीन जन्मदाखला करून देतो, शिक्क्यासकट. माझं डोकंच फिरलं. खोटा कागद लावलेला सापडला तर नकार तर मिळतोच, वर दहा वर्षं त्या देशाचं दार बंद होतं, हे मी तिला टेबलावर हात आपटून सांगितलं. पोरगी रडायला लागली. रडता रडता तिने एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, माझी आई सीताच आहे ना, मग सीता लिहिलेला दाखला खोटा कसा?

उत्तर तिच्या आईने दिलं. ती संध्याकाळी मुलीला न्यायला आली तेव्हा मी सगळं तिच्या कानावर घातलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीकडे वळली.

“नाव खरा आसात गो, पण कागद खोटो. मी खरी आसतना माका खोटो कागद कित्याक होयो?”

तेजस्वीने डोळे पुसले आणि एजंटाचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला. मग मी कामाला लागले. नांदगावच्या ग्रामपंचायतीत फोन करून विचारलं. ग्रामसेवक तरुण होता, सरळ बोलला. लग्नाची नोंद आहे का? नव्हती, तेव्हा गावात कोण करायचं. लग्नपत्रिका? तिच्यावर चि. सौ. कां. आनंदी, पुढे काही नाही. मग त्याने सांगितलं की आईचं शपथपत्र आणा, त्या घरची माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांची शपथपत्रं आणा, आणि दोन्ही नावं एकत्र असलेला एखादा जुना कागद मिळाला तर फार बरं, कारण माझ्या वरचे साहेब तोच मागणार. राजपत्रात नाव छापून आणता येतं, पण ते आजपासून पुढचं सांगणार. तेजस्वीच्या जन्माआधी ही बाई सीता झाली होती हे त्यातून दिसणार नाही.

जुना कागद कुठला आणायचा हे सुचेना. निदान शपथपत्रं तरी होऊ देत म्हणून मी ती स्वतः टाईप केली. दोन विश्वासू माणसं आम्हाला सापडली होती, राधाबाई आणि खुद्द बाबली पोस्टमन. मंगेशच्या टेम्पोत बसून आम्ही नांदगावला गेलो. मंगेश चालवतोय, मधे मी, कडेला सीता, आणि मागे रिकाम्या काजूच्या पोत्यांवर तेजस्वी. इंग्लंडला जायची वाट अशी असते.

बाबली घाडी आता एकोणऐंशीचे. उंच, ताठ, अंगावर बंडी, पण बंडीच्या खिशाला अजून पेन. लेकीला बघून त्यांनी अंगणातूनच “आनंदी” म्हणून अशी हाक दिली की रस्त्यापलीकडची दोन माणसं वळून बघायला लागली. राधाबाई कागद न वाचताच अंगठा द्यायला तयार झाली, तेजस्वीकडे बोट करून म्हणाली की मी हिची नाळ कापलेली आहे, मला काय वाचायचं. म्हाताऱ्यांनी मात्र चष्मा लावला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

मी मजकूर नेहमीच्या साच्यातला घातला होता. ‘सदर नोंद करतेवेळी माझ्याकडून नजरचुकीने मुलीच्या आईचे चुकीचे नाव सांगण्यात आले.’ ज्याने त्याने असंच लिहायचं असतं. शेकडो लोकांनी असल्या कागदांवर सह्या केल्या आहेत, कुणी कधी ब्र काढला नाही.

“मी चुकूक नाय,” बाबली म्हणाले. “छत्तीस वर्षां टपाल वाटलंय, एक कागद चुकीच्या हातात देवक नाय. माझ्या चेडवाचा नाव आनंदी. सीता म्हणान मी जल्मात हाक मारूक नाय.”

मी समजावलं. नातीचं वर्ष जाईल म्हणून सांगितलं, हा फक्त साचा आहे म्हणून सांगितलं, शेवटी आवाज चढवला. मला वाटलं होतं आता सीता बापाला दोन शब्द सुनावेल. तिच्या मुलीचंच नुकसान होत होतं. ती उंबऱ्याला टेकून उभी होती, आणि तिने जे म्हटलं ते बापाला नाही, मला म्हटलं.

“टीचर, ता नाव काढू नकात. आधारार सीता, बँकेत सीता, रेशनार सीता. तेजूच्या जल्माच्या कागदार तेवडी मी आनंदी आसंय. ता पण पुसलास तर मी खंय रवतलंय?”

मी कुठे राहीन, हे तिने मला विचारलं आणि मला लाज वाटली. जवळजवळ तीन आठवडे मी या बाईचं नाव दुरुस्त करायला निघाले होते आणि ते तिला हवंय का हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या सासूलाही नव्हतं सुचलं. सासूवर हसताना मात्र मला किती गोड वाटलं होतं.

पण हातात दिवस उरले होते फक्त आठ. तेजस्वी आजोबांच्या पायाशी बसली होती. ती एका शब्दानेही आईला भरीला घालत नव्हती, हे तिचं मोठेपण मला तेव्हा दिसलं. मी पुन्हा विचारलं की या दोन नावांना जोडणारं काहीच कुठे नाही का, काहीही चालेल. म्हाताऱ्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, की जन्मात मी तिला सीता म्हटलेलं नाही, जोडणार कसं.

आणि सीता एकदम सरळ उभी राहिली.

“हाक मारूक नाय, बाबा. पण लिवलास.”

बाबलींनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. लपवत होते असं नाही, बहुतेक विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं. मग सीतानेच सगळं सांगितलं. लग्नानंतर महिन्याभरात बापाने तिला पहिलं पत्र धाडलं, पत्त्यावर सौ. आनंदी हडकर, मसुरे. पत्र घरी आलं आणि बरोबर त्या नावाच्या बाईच्या हातात पडलं, म्हणजे थोरल्या जावेच्या. तिने फोडलं. आत बापाने लिहिलं होतं की तू गेल्यापासून घरात जेवण जात नाही, दारात कोणाची चाहूल लागली की तूच आलीस असं वाटतं. जावेने ते चुलीपाशी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि पुढे महिनाभर धाकटीला चिडवून हैराण केलं. सीताने बापाला कळवलं. छत्तीस वर्षांत एक कागद चुकीच्या हातात न देणाऱ्या माणसाचं स्वतःच्या लेकीला लिहिलेलं पत्र चुकीच्या हातात गेलं होतं. पुढचं पत्र त्यांनी कसं लिहिलं ते तिला पत्त्यासकट पाठ होतं.

मंगेश सीताला घेऊन तसाच मसुऱ्याला गेला. दुपारी सीता परतली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक निळं अंतर्देशीय पत्र होतं. घडीवर फाटलेलं, पण पत्ता स्वच्छ. पोस्टमनचंच अक्षर ते. ‘सौ. आनंदी उर्फ सीता मंगेश हडकर, मु. पो. मसुरे, ता. मालवण.’ वर पोस्टाचा गोल शिक्का, तारीख तेजस्वीच्या जन्माआधी दीड वर्षाची. आत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘तुझे दुसरे नाव लिहायला हात जात नव्हता. आता दोन्ही लिहितो. नाव कुठलेही असो, टपाल माझ्या मुलीच्या हातात पोचले पाहिजे.’

मी व्हिसासाठी आजवर बँकेची पत्रं पाहिली, वकिलांची पाहिली, एकदा बिशपचंही पाहिलं. पण एवढा भक्कम कागद माझ्या हातात कधी आला नव्हता. मी तिथेच ओट्यावर बसून शपथपत्राचा मजकूर पेनाने पुन्हा लिहिला. चूक हा शब्द काढला. माझी मुलगी आनंदी हिला सासरी सीता या नावाने ओळखतात, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, मी स्वतः तिला दोन्ही नावांनी पत्र पाठवले आहे, एवढंच ठेवलं. बाबलींनी ते दोनदा वाचलं आणि हरकत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी कणकवलीला जाऊन आम्ही ते रीतसर करून घेतलं. सही करताना त्यांनी विचारलं की रजिस्टरातलं जुनं नाव खोडणार का. मला ठाऊक नव्हतं. मी ठाऊक नाही असं सांगितलं, आणि मला हे वाक्य बोलायची सवय नाही.

ग्रामसेवकाने कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं. तेजस्वीच्या जन्माची ओळ निळ्या शाईत होती, खाली बाबलींची सही. त्याने पत्र बघितलं, शिक्क्यावरची तारीख भिंगाखाली धरून वाचली, आणि मग सांगितलं की मूळ नोंदीला हात लावायचा नसतोच. कायद्यानेच तसं आहे. जुनं आहे तसं राहतं, दुरुस्ती बाजूला समासात लिहायची, तारीख घालायची, सही करायची. सीता वाकून बघत राहिली. त्याने वरच्या साहेबांची परवानगी घेतली, त्यात चार दिवस गेले, आणि पाचव्या दिवशी समासात लिहिलं, ‘उर्फ सीता’. आनंदी जागची हलली नाही.

नव्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने उर्फला ‘एलियस’ लिहून पाठवलं. सीताने अर्थ विचारला आणि मी बेसावधपणे सांगून गेले की पोलिसांच्या कागदांत चोरांच्या नावापुढे असतं ते. तिने तो शब्द ठेवायला साफ नकार दिला. मग मी त्या माणसाला फोनवर धरलं आणि दोन्ही नावांनी ओळखली जाणारी, असं करून घेतलं. त्याला वाटलं असेल म्हातारीला कामं नाहीत.

अर्ज गेला तेव्हा बँकेच्या पत्राचा तिसावा दिवस होता. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला तेजस्वी मुंबईला जाऊन आली. नंतर तिला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. हाच कोर्स का, संपल्यावर काय करणार, असं विचारून झाल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं की तुझ्या आईला दोन नावं कशी. तेजस्वीने मला नंतर सांगितलं की तिने पाठ केलेलं सगळं सोडून दिलं आणि तांदळाच्या ताटापासून आजोबांच्या पत्रापर्यंत सरळ सांगत गेली. त्या बाईंनी मधेच थांबवून विचारलं की पहिलं पत्र उघडणाऱ्या त्या दुसऱ्या आनंदी आता कशा आहेत. तेजस्वी म्हणाली, बऱ्या आहेत, पण अजून माफी मागितलेली नाही.

एकोणिसाव्या दिवशी मेल आला. व्हिसा झाला होता. चतुर्थीची गडबड सरून आठवडा झाला होता. मी मसुऱ्याला शेडमध्ये गेले तर सीता काजूची प्रतवारी करत होती. तिने बातमी ऐकली, हातातली चाळण खाली ठेवली, आणि सातही बायकांना चहाची सुट्टी जाहीर केली. मग म्हणाली की सुट्टी चहापुरतीच, काम दुपारपर्यंत भरून काढायचंय, जास्त लाडावू नका. रडणाऱ्यातली नाही म्हणाली होती, ते तिने खरं केलं. रडले ती मी.

तेजस्वी गेली त्याला आता चार महिने होतील. फोन रोज होतो, व्हिडिओवर सगळ्यांची तोंडं दिसतात, मग पत्र कोण धाडतो? पण गेल्या आठवड्यात मसुऱ्याच्या घरी पोस्टाने तेजस्वीचं एक चित्राचं कार्ड आलं. वरचा पत्ता मराठीत, आणि सगळ्यात खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत देशाचं नाव. आनंदी मंगेश हडकर, मु. पो. मसुरे. उर्फ नाही, सीता नाही. पोस्टमनने ते नेमकं दारात बसलेल्या थोरल्या जावेच्या हातात दिलं. तिने पत्ता वाचला. कार्ड उघडंच होतं, वाचायचं म्हटलं तर कोण अडवणार होतं. पण ती उठली, गुडघे धरत शेडपर्यंत चालत गेली आणि दारातून म्हणाली, “गो आनंदी, ह्या तुजा.”

शेडमधल्या बायकांना क्षणभर कळेना की ही स्वतःलाच हाक का मारतेय.

रविवारी सीता ते कार्ड घेऊन नांदगावला गेली. मीही टेम्पोत होते, बाबलींना डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर द्यायचा होता. म्हाताऱ्यांनी कार्ड हातात घेतलं. चित्राकडे बघितलं नाही, नातीने काय लिहिलंय तेही वाचलं नाही. पालथं करून फक्त पत्ता वाचला, बोटाने, एक एक अक्षर, टपाल वाटताना वाचत असतील तसा. मग लेकीकडे बघून म्हणाले,

“पोचला.”